पेनांगचा पेट्रोल पंप आणि 1.99 चा भाव

इथे मलेशियात, पेनांगला, पंपावर पेट्रोल भरून द्यायला कुणी नसतं. आत काउंटरवर जायचं, पंपाचा नंबर सांगायचा, पैसे द्यायचे आणि बाहेर येऊन नळी आपणच धरायची. ‘मॅडम, झिरो बघा’ म्हणणारं कुणी नाही याची मला सुरुवातीला फार चुटपुट लागायची, आता सवय झालीये. तर 30 सप्टेंबर 2025 पासून सबसिडीचं पेट्रोल फक्त इथल्या नागरिकांना मिळायला लागलं. त्यानंतर पहिल्यांदाच स्कूटर घेऊन पंपावर गेले, आणि माझ्यापुढच्या काकांनी त्यांचं ओळखपत्र, मायकॅड म्हणतात त्याला, ते मशीनमध्ये घातलं आणि त्यांना पेट्रोल मिळालं 1.99 रिंगिट लिटरने. मला 2.60. 29 सप्टेंबरपर्यंत दोघांनाही 2.05 होतं.

चार लिटरला फरक पडला जेमतेम पन्नास रुपयांचा. आणि 2.60 म्हणजे सुद्धा पंचावन्न रुपयेच झाले, पुण्यात लिटरला शंभराच्या वर मोजतो आपण. तरी घरी येईपर्यंत डोक्यात तेच. दीड वर्ष इथे राहतेय, शेजारच्या आंटीच्या हातचं जेवतेय, रोजच्या भाजीवाल्याला माझं नाव माहितीये, आणि एका कार्डाने सांगितलं की तुम्ही वेगळ्या रांगेतल्या.

मग स्वतःलाच म्हटलं, अगं यात चूक काय आहे. सबसिडी त्यांच्या तिजोरीतून जाते, ती त्यांनी त्यांच्या माणसांना द्यावी. सरकारी दवाखान्यात साध्या तपासणीला इथल्या नागरिकाला 1 रिंगिट लागतो, परदेशी माणसाला वेगळा दर, ते तर मी आल्यापासून बघतेय. आणि आपल्याकडे ताजमहालला आपल्याला 50 रुपये आणि परदेशी पर्यटकाला 1,100, तेव्हा त्या रांगेतल्या माणसाला काय वाटत असेल हा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझा धाकटा मावसभाऊ. हिंजवडीला नोकरी, रोज भूमकर चौकात अर्धं आयुष्य जातंय, बाणेरचा फ्लॅट भाड्याने देऊन बाहेर कुठेतरी स्वस्त देशात जाऊन राहायचं त्याच्या डोक्यात आहे. मला एक्सेल पाठवलीये, ‘ताई, तू बघून सांग कुठला देश परवडेल.’ पाच देश, प्रत्येकापुढे घरभाडं, किराणा, इंटरनेट, बाहेरचं जेवण. कष्ट घेऊन केलीये हो, पण त्यात मुळात व्हिसाचा रकानाच नाही.

आम्ही सुद्धा आधी भाडंच बघत बसलो होतो, म्हणून सांगते. पोर्तुगाल नवऱ्याला फार आवडलं होतं, पण तिथल्या डिजिटल नोमॅड व्हिसाला, म्हणजे बाहेरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करत तिथे राहणाऱ्यांच्या व्हिसाला, तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते, 2025 च्या हिशोबाने महिन्याला 3,480 युरो. व्हिएतनाम खरंच स्वस्त, पण ई-व्हिसा 90 दिवसांचा, दर तीन महिन्यांनी बॅग भरायची. थायलंडचा तो पाच वर्षांचा डीटीव्ही व्हिसा आम्ही निघालो तेव्हा आलाच नव्हता, जुलै 2024 मध्ये आला. एका वेळी 180 दिवस राहता येतं पण बँकेत 5 लाख बात दाखवावे लागतात. मलेशियाचा डी रंताऊ पास, हाही डिजिटल नोमॅडांसाठीचाच, त्यातल्या त्यात बसला. आयटीवाल्यांना वर्षाला 24,000 डॉलरची कमाई पुरते, नवरा-बायको एकत्र राहू शकतात. पण एक वर्ष, वर फार तर आणखी एक. म्हणजे मार्च 2026 मध्ये आमचा संपतोच.

आणि भावाच्या एक्सेलमधली सगळ्यात मोठी गडबड म्हणजे त्याने सगळं आजच्या रुपयात मांडलंय. आम्ही मार्च 2024 मध्ये आलो तेव्हा रिंगिट साडेसतरा रुपयांच्या आसपास होता, ऑक्टोबर 2025 मध्ये एकवीस. घरमालकिणीने भाडं एका रिंगिटने वाढवलं नाही आणि तरी रुपयात मोजलं तर ते वीस टक्क्यांनी वाढलं. आम्हाला डॉलरमध्ये पैसे मिळतात म्हणून झळ कमी बसली, पण थोडीच, कारण डॉलर सुद्धा रिंगिटपुढे उतरलाच. पण जो बाणेरच्या भाड्यावर जगायचं म्हणतोय त्याचं काय? शिवाय एकदा एनआरआय झालास की भाडेकरूने भाड्यातून 30 टक्के टीडीएस, वर सेस, कापून भरायचा असतो. तो नंतर रिटर्न भरून परत मिळतो ज्याला जेवढा मिळायचा तेवढा, पण महिन्याच्या महिन्याला हातात येणारा आकडा वेगळाच असतो. साधं सेव्हिंग खातं पण एनआरओ, म्हणजे एनआरआय लोकांचं भारतातलं खातं, करून घ्यावं लागतं.

घर मिळण्याच्या बाबतीत मात्र मी मलेशियाच्याच बाजूने बोलणार. दोन महिन्यांचं डिपॉझिट, लाइट-पाण्याचं अर्ध्या महिन्याचं, पहिलं भाडं, करारावर स्टॅम्प, झालं. लग्नाआधी पुण्यात माझ्याच गावात मला भाड्याने फ्लॅट घेताना घरी कोण येणार, किती वाजता येणार, सगळं विचारलं होतं. इथे घरमालकिणीने फक्त विचारलं, स्वयंपाक जोरदार करता का, मग चिमणीवाला ओटा असलेलं घर घ्या.

खाण्याचं म्हणाल तर मागच्या वर्षी आई येऊन राहिली ती काळजीतच. नासी लेमाक म्हणजे इथला नारळाच्या दुधातला भात, त्याच्याबरोबरचा मसाला दिसायला नुसती लाल चटणी पण त्यात बारीक कोळंबी आंबवून केलेलं बेलाचान असतं, शाकाहारी माणसाने विचारल्याशिवाय चमचा लावू नये. मग आंटी तिला बौद्ध शाकाहारी हॉटेलात घेऊन गेली. तिथे पाय ठेवायला जागा नाही. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच जण शाकाहार पाळतात. आई म्हणाली, म्हणजे अमावास्या-पौर्णिमाच की, आणि त्यानंतर दोघींचं मेतकूट जमलं ते जमलंच, एकीला मराठी येत नाही आणि दुसरीला इंग्रजी.

‘आई-बाबांना सोडून एवढ्या लांब?’ हे मला पुण्यातून वर्षातून चार वेळा ऐकायला लागतं. लांब म्हणजे किती? अडीच तासांचा घड्याळाचा फरक आहे. बाबा रात्री आठला जेवून उठतात तेव्हा माझे साडेदहा झालेले असतात, आम्ही रोज बोलतो, अगदी रोज. पुण्यातल्या पुण्यात कोथरूडहून खराडीला राहायला गेलेली माझी मैत्रीण तिच्या आईला महिन्यातून एकदा भेटते. मी हे वाद घालायला म्हणत नाहीये, पण लिस्बनला गेलो असतो तर बाबांच्या आठला माझं ऑफिस चालू असतं, हा हिशोब आम्ही तेव्हा केला होता.

डिसेंबरमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पेनांग ते क्वालालंपूर, तिथून मुंबई, मग पुण्यापर्यंत टॅक्सी, तिकिटं काढून झालीयेत, दोघांची. भावाला सांगितलंय की फोनवर काही ठरवू नको, लॅपटॉप घेऊन आईकडे ये, आमच्या दीड वर्षाच्या खर्चाची वही मी बरोबर आणतेय, ओळ न् ओळ लावून बघू.