तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाच्या इसबावर घरातलं काय लावावं?

"ट्यूब नको वाटते हो, घरगुती काही असेल तर सांगा ना." बारशाला, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर लालबुंद गालाच्या फोटोसकट, हा प्रश्न मला नेमाने येतो. माझी मुलगी तान्ही असताना तिला इसब होता. डॉक्टर त्याला अ‍ॅटोपिक डर्मटायटिस म्हणतात. आता ती शाळेत जाते आणि पुण्यातल्या थंडीत कोपराच्या आतल्या बाजूला जरा खरखरतं, तेवढंच. एवढ्या भांडवलावर लोक मला विचारतात. मी डॉक्टर नाही, पण विचारलंतच तर सांगते.

आपल्याकडच्या बाळाच्या अंघोळीत तेल आधी आणि पीठ नंतर असतं. मावशी पाय पसरून बसतात, बाळाला पायांवर घेऊन तेल जिरवतात, मग डाळीचं पीठ, साय, हळद लावून ते सगळं तेल चोळून काढतात आणि वर कढत पाणी. धडधाकट कातडीच्या बाळाला हे चालूनही जातं. इसबाच्या बाळाला क्रम उलटा लागतो: आधी पाणी, मग तेल, आणि पीठ नाहीच.

कारण या बाळांची कातडी पाणी धरून ठेवत नाही. वरचा थर कच्चा असतो, त्यामुळे आतला ओलावा उडतो आणि बाहेरचा साबण, धूळ, लोकर आत टोचत राहते. बऱ्याच जणांत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडतो. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी 2006 मध्ये हा धागा पकडला. म्हणजे गोष्ट पुष्कळदा घराण्यातूनच येते. आमच्याकडे मुलीचे बाबा सकाळी उठले की ओळीने शिंकतात, तीही अ‍ॅलर्जीच, पण खापर फुटलं ते मी खाल्लेल्या वांग्याच्या भरतावर! बाळंतिणीचं ताट उगाच रिकामं करू नका. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी बाळाला गांधी उठतात, असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने पथ्य लावू नका.

तर क्रम असा. पाणी कोमट, म्हणजे तुमच्या मनगटाला कोमट. आजीच्या हाताला कोमट वाटतं त्यात बाळाला घालू नका. अंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची. साबण लावलाच तर बिनवासाचा, सौम्य, मळलेल्या जागेपुरता. मऊ पंचाने टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग दमट असतानाच वर लावायचं. या "वर लावायचं"मध्ये घरगुती म्हणून मी मनापासून सांगते ते खोबरेल, आणि तेही साधं, वास न घातलेलं, घाण्याचं असलं तर उत्तम. थंडीत बरणीत गोठलेला गोळा बोटाने काढून तळहातावर धरला की आपोआप वितळतो. तसाच गालावर टेकवायचा, रगडायचा नाही. फिलिपिन्समध्ये सौम्य ते मध्यम इसबाच्या 117 मुलांवर 8 आठवडे याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. मिनरल ऑइलपेक्षा, म्हणजे बेबी ऑइलमध्ये असतं त्या खनिज तेलापेक्षा, खोबरेल सरस ठरलं. मात्र ती मुलं वर्षापुढची होती, तान्ही नव्हती. आणि नुसत्या तेलाने भागलं नाही तर साधी व्हॅसलिनसारखी जेली लावायला लाजू नका. ती झाडावर लागत नाही म्हणून वाईट नाही.

ऑलिव्ह तेल हल्ली बाळाच्या भेटवस्तूंत हमखास येतं. ते कोशिंबिरीत घाला. शेफील्ड विद्यापीठात मोठ्या माणसांच्या हातावर ते लावून पाहिलं तर कातडीचा वरचा थर आणखी कमकुवत झालेला आढळला. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. ऑलिव्ह तेलातल्या ओलेइक आम्लाचा हा गुण. मोहरीच्या तेलाबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. आणि अंघोळीच्या पाण्यात थेंब थेंब टाकायची महागडी तेलं? इंग्लंड-वेल्समधल्या 482 मुलांवर वर्षभर पाहिलं, काही खास फरक दिसला नाही. 2018 सालची गोष्ट. ते पैसे अंगाला लावायच्या मलमावर घाला.

आता स्वयंपाकघर. बेसन, साय, बदामाचं तेल, मसुराची पूड हे सगळं अन्न आहे, आणि फुटलेल्या कातडीतून अन्न आत गेलं की शरीर त्याला शत्रू समजायला शिकू शकतं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात 2003 मध्ये असं दिसलं की शेंगदाण्याच्या तेलाची मलमं सुजलेल्या त्वचेवर लागलेल्या मुलांत पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त होती. तोंडाने योग्य वयात खाल्लेलं अन्न वेगळं आणि चिरलेल्या गालावर चोळलेलं वेगळं. हळदीचं म्हणाल तर बाजारच्या हळदीत रंग काय मिसळलाय देव जाणे. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी मी वापरलं नाही, कुणाला सांगतही नाही. निंबोळीचं तेल तर तान्ह्याच्या तोंडाजवळसुद्धा नेऊ नका, पोटात गेलं तर झटके येण्यापर्यंत मजल जाते. धुरीही बंद. ओवा-वावडिंग कितीही गुणाचं असो, धूर तो धूरच.

कपडे सुती. जुन्या साडीची दुपटी यासाठीच जपून ठेवलेली असतात. लोकरीचं टोपडं घालायचंच तर आत सुती कुंची. नखं वेळच्या वेळी कापा. बाळ झोपेत एका टाचेने दुसरी पोटरी घासत असेल तर रात्री पायमोजे चढवा.

राहिली ट्यूब, म्हणजे लाली उतरवणारं स्टेरॉइडचं मलम. तुमची भीती समजते, पण ती चुकीच्या दुकानावर रोखलेली आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कोंबलेली ट्यूब, तिला जरूर घाबरा. "शंभर टक्के वनौषधी" म्हणून मिळणारं, घटक न लिहिलेलं, दोन दिवसांत चमत्कार करणारं मलम असेल तर आणखी घाबरा. लंडनमध्ये 1999 मध्ये अशी 11 चिनी वनौषधी मलमं तपासली तर 8 मध्ये डेक्सामेथॅसोन, म्हणजे स्टेरॉइडच, निघालं. डॉक्टरांनी लालीपुरतं, ठरावीक दिवसांसाठी दिलेलं सौम्य स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट आहे. माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम मोठ्या माणसाच्याच, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. किती दिवस, कुठे, हे मात्र त्यांनाच विचारा. भीतीपोटी मोहरीएवढं लावून "गुण येत नाही" म्हणण्यात काही अर्थ नाही.

पिवळी खपली धरली, पाणी पाझरू लागलं, ताप आला, किंवा बारीक एकसारख्या फोडांचे पुंजके उठले तर तेलाची बरणी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि हे सगळं घरातल्या आजींना कसं सांगायचं, ते फोनवर हळूच विचारता, त्याबद्दल. त्यांच्या हातून मालिश काढून घेऊ नका. अंघोळीनंतर तेल लावायचं काम त्यांनाच द्या. पिठाचा डबा तेवढा वरच्या फळीवर.