शिसं पडलेलं वजन

आम्हा वजन-माप निरीक्षकांना पुण्याच्या महात्मा फुले मंडईत काटा-वजन तपासायचं म्हणजे बातमीच्या पुढे पळायचं. १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या या इमारतीत मधल्या अष्टकोनी मनोऱ्यापासून आठ दिशांना दालनं गेली आहेत. एकात आम्ही दिसलो की उरलेल्या सातांत काट्यांचे आकडे शून्यावर येतात.

त्या दिवशी ओट्यावरच्या एका मावशींचा तराजू पाहिला. दांडी सरळ, पारडी सारखी. पण किलोचं वजन उचलताच हाताला शंका आली. लोखंडी वजनाला एक भोक असतं, त्यात शिसं भरतात. कमी-जास्त तिथेच जुळवायचं आणि आमचा शिक्काही त्या शिशावरच मारायचा. शिसं पडलं की वजन घटतं आणि शिक्काही जातो. मावशींनी भोक मेणानं बुजवलं होतं. प्रमाणित वजनाशी ताडलं, तर काही ग्रॅम कमी.

“हलकं झालंय, ठाऊक हाय मला. म्हणून तर वर मूठभर घालते, मॅडम.”

खरंच घालत होत्या. समोरच्या बाईंनी घेतलेली किलोभर गवार मी आमच्या काट्यावर तोलली. किलोच्या बरीच वर भरली.

शेजारचा इलेक्ट्रॉनिक काटा मधे आणि चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवून पाहिला. चोख! सील शाबूत, प्रमाणपत्र चालू. पण आकडे मालकाकडे वळवलेले, आणि वर ओली परात. आम्ही येण्याआधी तिचं वजन वजा होत होतं का? ते पकडायला गिऱ्हाईक होऊन खरेदी करावी लागते, आणि तिथे आमचे चेहरे सगळ्यांना पाठ आहेत. दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे लोक भाजी टाकण्याआधी काटा शून्यावर आहे का, एवढंही पाहत नाहीत, याचा मला फार राग येतो.

मावशींचं वजन जप्त केलं, पंचनामा केला. २००९ च्या वैधमापन, म्हणजे वजन-मापांच्या, कायद्यात मूठभर गवारीला जागा नाही, आणि नसावीच. उद्या मूठ आखडली तर? पण दुरुस्तीवाल्याकडे शिसं भरून घ्यायचं, मग पडताळणीला आणायचं, यात त्यांचा धंद्याचा दिवस जातो. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर मंडईतच शिबिर घ्या, असं मी वरिष्ठांना लेखी कळवलंय. अजून उत्तर नाही.

शेजाऱ्याच्या नावापुढे ‘योग्य’ असा शेरा आहे. काट्यापुरता तो खरा आहे, म्हणून मीच लिहिला.