पत्रा वेगळा, हाड वेगळं

सिडनीच्या पश्चिम भागात एका गॅरेजात मी गाड्या तपासतो. गाडी पाच वर्षांहून जुनी असली की दरवर्षी रेगोच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या, आधी ब्रेक, टायर, सीटबेल्ट बघून पिंक स्लिप, म्हणजे गाडी सुरक्षित असल्याचा दाखला, द्यायची, हे माझं काम. ग्रीन स्लिप म्हणजे सक्तीचा इजा-विमा, तो मालकाने घ्यायचा. त्याशिवाय न्यू साउथ वेल्समध्ये रेगो होत नाही.

एका सकाळी सांगलीकडचा एक जण बंपर सुतळीने बांधून गाडी घेऊन आला. पावसात घसरून उभ्या गाडीला धडकला होता.

“दादा, ग्रीन स्लिप आहे आपली. दोन्ही गाड्यांचं त्यातनंच होईल ना?”

“छदाम मिळायचा नाही. ना तुमच्या गाडीला, ना त्याच्या.”

त्याला पटेना. पटणार कसं? आपल्याकडे थर्ड पार्टीत समोरच्याच्या गाडीचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत धरलेलं असतं. इथे ग्रीन स्लिप फक्त माणसाच्या इजेचं बघते. पत्र्यासाठी वेगळी पॉलिसी लागते आणि तिची सक्ती नाही, म्हणून काही जण ती घेतच नाहीत. आपली माणसं नेमकी इथेच फसतात.

बोलता बोलता त्याने उजव्या खिशातला फोन डाव्या हाताने, अंग वाकडं करून काढला. खांद्याचं विचारलं तर म्हणाला, “दुखतोय. वेअरहाउसला सुट्टीच टाकलीय. डॉक्टरकडे काय जायचं? चूक माझीच, मला कोण पैसे देणार?”

हातातला पाना खाली ठेवून मी त्याला बसवलं. आपल्याकडे मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कवच वेगळं घ्यावं लागतं. इथे 2017 च्या कायद्याने चूक करणाऱ्यालाही उपचार आणि बुडालेला पगार मिळतो. आधी 26 आठवड्यांपर्यंत, एप्रिल 2023 नंतरच्या अपघातांना 52. पहिल्या 13 आठवड्यांत पगाराच्या 95 टक्क्यांपर्यंत. दारू पिऊन चालवण्यासारखा गंभीर गुन्हा मात्र नको. पोलिसांत 28 दिवसांत नोंद करायची, डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्यायचं. अर्जाला तीन महिने असतात खरे, पण 28 दिवसांच्या आत टाकला तरच पगार अपघातापासूनचा धरतात.

गाडी जुनी घेतलेली, ग्रीन स्लिप गाडीबरोबर आलेली. कंपनी कुठली हे त्याला ठाऊक नव्हतं. राज्य सरकारच्या सर्व्हिस एनएसडब्ल्यूच्या साइटवर नंबरप्लेट टाकली, नाव समोर आलं. तिथूनच त्याला डॉक्टरकडे पिटाळलं. गाडी ठेवून घेतली. त्या अवस्थेत पिंक स्लिप देणं शक्यच नव्हतं.

अर्ज मंजूर झाला. फिजिओथेरपी सुरू झाली, पगाराचे पैसेही येऊ लागले. मग समोरच्या गाडीच्या दुरुस्तीचं बिल आलं आणि ते घेऊन तो तणतणत माझ्याकडेच आला. ते बिल तो अजून हप्त्याने फेडतोय.