तुम्ही विचारलंत म्हणून: गालफडं बसलेल्या चेहऱ्याला छोटं फेसलिफ्ट चालेल का?

प्लास्टिक सर्जरीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, आता रिटायर झाले, तरी लग्नात जेवणाच्या रांगेत कुणीतरी गाठतंच, ताई, माझी गालफडं बघा कशी बसलीत, मला ते दोऱ्यांचं किंवा मिनी फेसलिफ्ट चालेल का हो? मी डॉक्टर नाही, त्यामुळे हो-नाही सांगत नाही, पण आमचे सर पेशंटला आधी काय विचारायचे ते सांगते.

चेहरा ओघळलाय की रिकामा झालाय? सगळं इथेच ठरतं. खिडकीच्या उजेडात आरसा घेऊन बसा, कानापुढे दोन बोटं ठेवून कातडी जराशी मागे-वर ओढा, जास्त नाही, आणि बघा. जबड्याच्या कडेला लोंबणारं वर जाऊन कड स्वच्छ दिसली तर उचलण्यासारखं काहीतरी आहे. पण गालाचा खड्डा अजूनच खोल दिसला, हाड वर आलं, चेहरा आजारी माणसासारखा झाला, तर ओढून काही होणार नाही, कापूस कमी झालेल्या उशीची खोळ ताणण्यातला प्रकार. तिशीतला एखादा फोटोही काढून बघा, तेव्हाही चेहरा असाच निमुळता असेल तर ती तुमची ठेवण आहे, तिला म्हातारपण कशाला म्हणायचं?

आता लोकांचा मोठा गैरसमज, छोटं म्हणजे बिनधोक. बारीक चेहऱ्यात ते बरेचदा उलटं असतं. दोरे पीडीओचे, म्हणजे टाक्यांना वापरतात त्याच जातीचे, त्याला कातडी धरून वर ओढणारे बारीक काटे, साधारण सहा महिन्यांत विरघळतात. हा दोरा कातडीखालच्या चरबीतून जातो. भरल्या गालात तो लपतो, पण पातळ कातडीखाली चरबीच नसेल तर कधी रेघ दिसते, कधी खळी नको तिथे पडते, काहींना गालावरून हात फिरवला की बोटाला लागतो. मशीनने कातडी घट्ट करतात त्याचंही तेच, उष्णता चुकीच्या थरात गेली तर आहे ती चरबीही कमी व्हायची.

मिनी लिफ्ट वेगळं. कानापुढून छोटी चीर घेऊन कातडीखालचा एसएमएएस नावाचा थर वर घेऊन टाके घालतात. हा थर १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी नीट मांडला आणि फेसलिफ्टचं गणितच बदललं, कारण ताण कातडीवर न येता खाली जातो. म्हणून हाडं चांगली आणि कातडी सैल असलेल्या बारीक बाईचा जबडा यात फार सुरेख निघतो, जाड गालांपेक्षाही. फक्त गळ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, गळ्याच्या स्नायूंचे पट्टे तारांसारखे दिसत असतील तर छोट्या चिरेतून तिथवर पुरेसं काम होत नाही.

रिकामं झालेलं भरायला पोटाची-मांडीची चरबी काढून घालतात, त्यातली बरीच शरीर शोषून घेतं, आणि चवळीच्या शेंगेसारख्या बाईकडे काढायला चरबी आणायची कुठून हा प्रश्न उरतोच. मग फिलर, म्हणजे सुईने भरायचं जेल. तोही ज्याला चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या पाठ आहेत त्याच्याकडून, पार्लरमध्ये चुकूनही नको.

हल्ली वजन कमी करायची इंजेक्शनं घेऊन चेहरा उतरलेलेही येतात. त्यांनी आधी वजन काही महिने एका जागी राहू द्यावं, तोवर काय ओघळलंय आणि काय गेलंय तेच कळत नाही.

आणि दाढा! हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. एका बाईंना सरांनी तोंड उघडायला सांगितलं, मागच्या दाढा दोन्हीकडच्या कधीच्या काढलेल्या, गाल आत जाणार नाहीत तर काय. त्यांना आधी दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. कवळी बसवून आल्या आणि ऑपरेशनचा विषय त्यांनीच बंद केला.

शेवटचं म्हणजे तंबाखू. सिगारेट ओढता का म्हटलं की आपल्या बायका छे छे म्हणतात आणि सकाळी दाताला मिश्री लावतात. मिश्रीत निकोटिन असतंच, त्याने रक्तवाहिन्या आकसतात, कानामागची कातडी काळी पडून जखम चिघळू शकते, आणि पातळ कातडीला ते अजिबात परवडत नाही. सर्जनला भेटाल तेव्हा मिश्रीचं आपणहून सांगा, तो विचारेलच असं नाही.