‘थ’ची वही : सातवा आठवडा

मागच्या नोंदीत ‘थिंक’मधला इंग्रजी ‘th’ जमला म्हणून मिरवलो होतो. रविवारी ‘अ थिंग’चं रेकॉर्डिंग प्रात (Praat) या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि तोंड उतरलं. ‘अ’ संपल्यावर कोरी जागा, मग एक ठसठशीत उभी रेघ. म्हणजे हवा आधी अडली, मग सुटली. थाळीतला थ, दुसरं काही नाही. हवा होता तो धुक्यासारखा फिकट, सलग पट्टा.

जीभ दातांत ठेवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. ठेवली होती की! पण दाबून. आपला थ स्पर्शवर्ण, म्हणजे हवा पूर्ण अडवून सोडलेला; इंग्रजीतला घर्षक, म्हणजे हवा घासत जाणारा. जागा जवळजवळ तीच, पण इंग्रजीत फट उघडी राहते. आता मी ‘स्स्स’ म्हणत जीभ हळूहळू पुढे सरकवतो. तीन सेकंद लांबवता आला तर बरोबर. आपला थ लांबवताच येत नाही. ओठांसमोर वर्तमानपत्राची पट्टी धरली तर थला ती उडी मारते, इथे जेमतेम हलते. घरी विचारणा झाली, ‘बोबडा कधीपासून झालास?’ शुभशकुनच म्हणायचा.

आपसांत बोलताना या चुकीचं काही अडत नाही, म्हणून ती इतकी टिकते. आपण ‘टिन’ आणि ‘थिन’ वेगळे ठेवतोच. पण इंग्रजी मातृभाषा असलेल्याच्या कानाला आपला थ त्यांच्या टसारखा लागू शकतो, आणि ‘थ्री’चं झाड होतं.

या ‘th’चा घोष (गळा थरथरतो तो) जोडीदार जास्त छळतो. गळ्यावर बोट ठेवून गुणगुणत केला की येतो, पण तो बसलाय ‘द’, ‘दिस’, ‘दॅट’, ‘दे’ असल्या चिल्लर शब्दांत, जिथे लक्षच जात नाही. शब्दाच्या सुरुवातीला तो जवळपास अशाच शब्दांत येतो. ‘थम’, ‘थाउजंड’ अघोष, म्हणजे गळ्यात थरथर नाही. मध्ये असेल तर ‘मदर’, ‘ब्रदर’, ‘वेदर’ घोष, आणि ‘मेथड’, ‘ऑथर’सारखे ग्रीक-लॅटिनमार्गे आलेले अघोष. ‘ब्रेथ’ नाम, ‘ब्रीद’ क्रियापद. ‘बाथ’ आणि ‘बेद’ तसंच. देवनागरीत ही जोडी थ-दने छान दिसते, आणि त्या दिसण्यानेच घात होतो: डोळा द वाचतो, जीभ दाताला चिकटते.

‘क्लोद्ज’वर (clothes) दोन संध्याकाळी घालवल्या. मग कळलं की इंग्रजी मातृभाषा असलेलेही बोलताना बहुधा सरळ ‘क्लोज’च म्हणतात. ‘सिक्स्थ्स’ला अजून हात लावलेला नाही.

आजचा हिशेब : ‘अ थिंग’ 20 पैकी 14, ‘ब्रीद’ 20 पैकी 11, ‘इन द’ 20 पैकी 3. ‘इन द’मध्ये ‘न’ आपसूक दातावर येतो, ‘आनंद’मधल्यासारखा. तिथवर ठीक. पण त्याच दमात ‘द’सुद्धा ‘आनंद’मधलाच होऊन बसतो.