काकूंचे शेअर्स : निम्म्यांची किंमत शून्य, निम्म्यांची विक्रीइतकीच

आमच्या बेळगावच्या शहापुरात आयकर रिटर्न भरायचे दिवस आले की गल्लीतले चार-सहा जण कागद घेऊन माझ्याकडे येतात. 2025 साली शेजारच्या काकूंचं काम सगळ्यात मजेशीर निघालं.

काकांनी 1996 साली एका कंपनीचे 100 शेअर्स 60 रुपयांनी घेतले होते. 2019 मध्ये एकास एक बोनस मिळाला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट. काका गेल्यावर सगळे काकूंच्या नावावर करायचे, तर वंशवृक्ष नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून मिळालेला, सगळा कन्नडमध्ये. कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुंबईच्या रजिस्ट्रारला त्याचं नोटरी केलेलं भाषांतर हवं होतं. ते वेगळंच रामायण. शेवटी जानेवारी 2025 मध्ये दोनशेच्या दोनशे शेअर्स 900 रुपयांनी विकले.

ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये खरेदी किंमत म्हणून शेअर्स काकूंच्या खात्यात आले त्या दिवसाचा बाजारभाव छापलेला. तो इथे चालत नाही. वारसाहक्काने आलेल्या शेअरला आधीच्या मालकाची किंमत लागते आणि शेअर किती काळ ठेवला ती मुदतही त्याच्याच तारखेपासून मोजतात. म्हणजे 60 रुपये? तेही नाही. 2018 च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी लिस्टेड (बाजारात नोंदलेल्या) शेअर्सच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर परत आणला, पण 31 जानेवारी 2018 पर्यंतची वाढ सोडून दिली. त्या दिवशीचा एक्स्चेंजवरचा सर्वांत वरचा भाव आणि विक्रीचा भाव, यातला कमी तो घ्यायचा. तो मूळ खरेदीपेक्षा जास्त असेल तर तीच तुमची खरेदी किंमत.

या शेअरचा त्या दिवशीचा भाव 1,150 होता, कारण बोनस अजून यायचा होता. विक्री 900 ची. म्हणून मूळ शंभरांची किंमत 900 धरली, नफा शून्य. बोनसचे शंभर नंतरचे, त्यांची किंमत शून्य, नफा 90,000.

काकू बघतच राहिल्या. "शून्य कसं रे? फुकट मिळालं म्हणून तसंच लिहिणार होय? आणि ह्याला नफाच नाही म्हणतोस?"

विचित्र दिसतं खरं. पण दिसायला बरं म्हणून मूळ शंभरांना 60 लिहिले असते तर एकूण नफा 1,74,000 झाला असता. अशा नफ्यावर सवलत, म्हणजे करमुक्त रक्कम, 1,25,000 ची. उरलेल्या 49,000 वर साडेबारा टक्के, म्हणजे 6,125 रुपये आणि वर सेस (करावरचा उपकर), नाहक गेले असते.

नफा सवलतीच्या आत आहे, त्यामुळे 2025 च्या रिटर्नपासून आयटीआर-1, म्हणजे रिटर्नचा सोपा फॉर्म, सुद्धा चाललं असतं. पण त्यात एकूण विक्री, एकूण खरेदी एवढंच येतं, आणि 90,000 हा आकडा कुठून आला ते कुणाला कळणार? म्हणून मी आयटीआर-2 हा मोठा फॉर्म घेतला. त्यातल्या 112ए (शेअर्सच्या या नफ्याचं कलम) च्या तक्त्यात जुन्या शेअर्सचा आयएसआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, आणि 31 जानेवारीचा भाव वेगळ्या रकान्यात भरता येतो. जास्त टायपिंग, पण कुणी विचारलं तर उत्तर फॉर्ममध्येच आहे. काकांची 1996 ची काँट्रॅक्ट नोट आणि बोनसचं पत्र स्कॅन करून ठेवलं. दिवाणाखालच्या ट्रंकेत कसर लागायच्या आत सापडली, नशीब.

काकूंकडे अजून एका कंपनीचे शेअर्स आहेत, तिचं मध्ये डीमर्जर झालंय, म्हणजे एकीच्या दोन कंपन्या झाल्यात. तिथे जुनी किंमत दोन कंपन्यांत नेट बुक व्हॅल्यूच्या (हिशेबवहीतल्या निव्वळ किमतीच्या) प्रमाणात वाटावी लागते. ते प्रमाण कंपनी सहसा वेबसाइटवर टाकते. काकूंना बजावलंय, विकायच्या आधी मला हाक मारा.