ऑनर फ्रॉस्ट आणि समुद्रातले भोकाचे दगड

पाण्याखालच्या पुरातत्त्वशास्त्राचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सोन्याच्या मोहरा आणि शेवाळलेल्या तोफा येतात. ऑनर फ्रॉस्ट या बाईंनी मात्र आपले निम्मे आयुष्य भोके पाडलेल्या दगडांसाठी, म्हणजे प्राचीन जहाजांच्या दगडी नांगरांसाठी, वेचले. पट्टीच्या पाणबुड्या म्हणून त्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. पण त्यांचे खरे कसब मला त्यांच्या रेखाटनात दिसते. समुद्रतळावरची वस्तू वर काढण्याआधी ती जिथे आणि जशी पडली आहे तशी कागदावर उतरवली पाहिजे, हा आग्रह त्यांनी अशा काळात धरला, जेव्हा बुडालेल्या जहाजातून मद्याचे रांजण उचलून आणणे हीच मर्दुमकी समजली जात होती.

त्यांचा जन्म 1917 साली सायप्रसमधील निकोसिया येथे झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि विल्फ्रिड एव्हिल या लंडनच्या वकिलाने त्यांचे पालकत्व घेतले. एव्हिल हे आधुनिक ब्रिटिश चित्रांचे मोठे संग्राहक असल्याने ऑनर चित्रांच्या सहवासातच वाढल्या. पुढे त्यांचे शिक्षण कलाशाळांमध्ये झाले, त्यांनी बॅले रॅम्बर्ट या नृत्यसंस्थेसाठी नेपथ्याचे काम केले आणि टेट गॅलरीच्या प्रकाशन विभागाचीही धुरा सांभाळली. पुरातत्त्वाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि विद्यापीठातली खुर्ची त्यांनी कधी भूषवली नाही.

पाण्याशी पहिली गाठ पडली ती लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये, एका बागेतल्या विहिरीत. महायुद्धाच्या काळातला अवजड पोशाख चढवून त्या तळाशी उतरल्या आणि त्या अनुभवाने त्यांच्यावर अशी काही मोहिनी घातली की पुढे त्या दक्षिण फ्रान्सला गेल्या आणि कान येथील पाणबुड्यांच्या मंडळात दाखल झाल्या. प्रसिद्ध फ्रेंच पाणबुडे जॅक कुस्तो यांचे सहकारी फ्रेदेरिक द्यूमा यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तिथे एका रोमन जहाजाचे अवशेष पाहिले. 1957 साली मात्र त्या कोरड्या जमिनीवर, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांच्या जेरिको येथील उत्खननात, आराखडे काढणाऱ्या म्हणून रुजू झाल्या. मातीचा प्रत्येक थर वेगळा ओळखायचा, मोजायचा, रेखायचा आणि मगच पुढचा थर उकलायचा, अशी केन्यनबाईंची करडी शिस्त होती. ती शिस्त समुद्रात नेण्याचे काम ऑनर यांनी पुढे आयुष्यभर केले.

जेरिकोहून त्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर, बिब्लोस, सायडन आणि टायर या जुन्या बंदरांकडे वळल्या आणि तिथे त्यांची या दगडांशी गाठ पडली. कोळ्यांना आणि पाणबुड्यांना हे दगड रोज दिसत, पण त्यांची दखल घ्यावी असे कोणाला वाटले नव्हते. ऑनर यांनी प्रत्येक दगड समोरून आणि छेदातून रेखाटायला सुरुवात केली; भोकाच्या काठावर दोराने घासून पडलेली खाच टिपली, वजन नोंदवले आणि दगड कोणत्या खडकाचा आहे ते तपासले. एकच भोक असलेला नांगर केवळ आपल्या वजनाने तळाशी बसतो, म्हणून तो खडकाळ तळाला बरा. तीन भोकांच्या नांगरात खालच्या दोन भोकांमधून लाकडी खुंट्या घातलेल्या असतात, आणि त्या वाळूत रुततात. एवढे कळले की किनाऱ्यालगत सापडलेल्या नांगरांच्या रांगेवरून जहाजे कुठून येत आणि कुठे थांबत याचा माग लागतो. लाकडी जहाज कुजून नाहीसे होते, नांगर मात्र तसाच राहतो, आणि त्याचा खडक दुसऱ्या किनाऱ्यावरचा असेल तर जहाज कुठून निघाले असावे याचाही अंदाज बांधता येतो.

असेच नांगर जमिनीवरच्या देवळांतही सापडले होते. बिब्लोस, सीरियातले उगारित आणि सायप्रसमधले किटिऑन येथील मंदिरांत ते कांस्ययुगापासून अर्पण केलेले किंवा बांधकामात बसवलेले आहेत. उगारितचे काही नांगर अर्ध्या टनाच्या घरातले आहेत, आणि एवढे धूड बाळगणारी जहाजे किती मोठी असतील याचे गणित ऑनर यांनी मांडले. खलाशाने ज्यावर जीव टांगला त्याच वस्तूचा नवस देवाला फेडावा, यात कोकणातल्या वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही द्वारका, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग येथील पाण्यात दगडी नांगर सापडले आहेत आणि गोव्यात दोनापावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे.

1959 साली पीटर थ्रॉकमॉर्टन या अमेरिकन पत्रकाराला तुर्कस्तानच्या केप गेलिडोन्या येथे, स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे, तांब्याच्या लाद्या भरलेल्या जहाजाचे अवशेष सापडले. हे जहाज ग्रीकांचे नसून पूर्वेकडच्या, म्हणजे सीरिया-लेबनॉन किनाऱ्यावरच्या लोकांचे असावे, हे ऑनर यांनी ओळखले. 1960 साली अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांच्या नेतृत्वाखाली तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले आणि बास हेच या शास्त्राचे जनक म्हणून गाजले. त्यांचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. पण बास यांनी त्या कामासाठीच पोहायच्या तलावात पाणबुडीचे धडे घेतले, तेव्हा ऑनर यांच्या गाठीशी बऱ्याच वर्षांचा अनुभव होता, हेही नोंदवायला हवे.

अलेक्झांड्रियाच्या प्राचीन दीपस्तंभाच्या बाबतीतही असेच झाले. कामेल अबुल-सादात या इजिप्शियन पाणबुड्याने 1961 साली कैतबे किल्ल्याजवळच्या पाण्यात प्रचंड शिल्पे आणि दगड पाहिले होते. 1968 साली युनेस्कोने ऑनर यांना तिथे पाठवले आणि त्यांनी सादात यांच्याबरोबर ती जागा पाहून, रेखाटून अहवाल दिला. 1967 च्या अरब-इस्रायल युद्धानंतरच्या परिस्थितीमुळे काम पुढे सरकले नाही, आणि मोठे उत्खनन व्हायला 1994 साल उजाडावे लागले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे सिसिलीतील मार्साला येथील प्युनिक जहाज. 1969 साली वाळू काढणाऱ्या ड्रेजरमुळे तिथल्या उथळ पाण्यात जुन्या जहाजांचे अवशेष उघडे पडले आणि 1971 पासून ऑनर यांनी त्यांपैकी एकाचे उत्खनन केले. हे जहाज उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या नगरराज्याचे, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याचे, म्हणजे रोम आणि कार्थेज यांच्यातल्या पहिल्या प्युनिक युद्धाच्या काळातले होते. नीरम म्हणून, म्हणजे जहाजाचा तोल राखण्यासाठी, घातलेल्या दगडांखाली पसरलेल्या डहाळ्यांची पाने वर आली तेव्हाही हिरवी होती, आणि बांधताना पडलेल्या लाकडाच्या ढलप्या तळाशी तशाच होत्या. त्यावरून जहाज बांधून फार दिवस झाले नसतानाच ते बुडाले असावे, असे त्यांचे अनुमान होते.

फळ्यांवर फिनिशियन लिपीतली अक्षरे रंगवलेली होती. सुतारांनी कोणता भाग कुठे बसवायचा याच्या खुणा केल्या होत्या, म्हणजे जहाजाचे भाग आधी तयार करून मग जोडले जात. किनाऱ्याला लागून अडकून पडलेले एक कार्थेजी जहाज रोमनांनी नमुना म्हणून घेतले आणि 100 पंचवल्ही व 20 त्रिवल्ही जहाजांचा ताफा बांधायला काढला, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. या अक्षरांकडे पाहिले की अशी नक्कल इतक्या झपाट्याने कशी शक्य झाली असेल याची थोडीफार कल्पना येते. मार्सालाचे हे जहाज युद्धनौकाच होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ती युद्धनौकाच होती, असे ऑनर यांचे ठाम मत होते. आज त्याचे सांधलेले लाकूड मार्साला येथे, एका जुन्या मद्य कोठाराच्या इमारतीतल्या संग्रहालयात पाहता येते.

2010 साली, वयाच्या 92 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एव्हिल यांच्याकडून वारशाने आलेला चित्रसंग्रह त्यांनी आयुष्यभर जवळ ठेवला होता. 2011 साली लंडनला त्याचा लिलाव झाला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाच्या मदतीवर आज सायप्रस, लेबनॉन, सीरिया आणि इजिप्तच्या किनाऱ्यांवर पाण्याखालचे संशोधन चालते.